मागे सरणारं गाणं

मनसारामला पंच म्हणून बोलावलं की भांडण मिटत नाही, वाढतं, हे आरमोरीपासून चामोर्शीपर्यंतच्या सगळ्या दंडारवाल्यांना माहीत होतं. तरी दर दिवाळीनंतर त्याला बोलावणं येई, कारण ते काम करणारा दुसरा माणूस त्या मुलखात नव्हता.

दिवाळी सरली की धानाच्या या पट्ट्यात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि दुपारी मैदानात दंडारी उभ्या राहतात. दंडार म्हणजे पुरुषांचा संच. गाणं, नाच, सोंग सगळं तेच करतात, बायकांची सोंगंही तेच घेतात. गाणी जवळपासच्याच कुणीतरी रचलेली असतात. रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालतो, त्याला छाप म्हणतात. छाप ज्याची, गाणं त्याचं. पण छाप बदलायला काही लागत नाही. चिमूरकडचं गाणं उचलायचं, शेवटचं नाव काढून आपलं बसवायचं आणि वैनगंगा ओलांडून गायचं. गर्दीत मूळ शाहिराचा एखादा मेहुणा निघाला की काठ्या निघत. मग मनसारामला बोलावलं जाई.

तो उकिडवा बसे, जमिनीकडे पाही आणि गाणं पुन्हा गायला लावी. नंतर नाव सांगे. नाव बहुतेक वेळा बरोबर असे, आणि त्याच्या शत्रूंनीही ते कधी नाकारलं नाही. अडचण पुराव्याची होती. मनसाराम माणसाला त्याच्या गुणांवरून ओळखत नसे, खोडींवरून ओळखे, आणि त्या खोडी तो हजार माणसांसमोर सांगे. एका मंडईत त्याने निकाल दिला, "हे इसरूचं होय. चौथ्या ओळीत तो दमते आन् देवाले हाक मारते. पाहून घ्या, चारी कडव्यात देव धावून आला आहे." दुसरीकडे म्हणाला, "बुधूचं. बाई रुसली की बुधूले नदी आठवते. दुसरं पाणी त्यानं पाह्यलंच नाई." चोर पकडला जाई, पण ज्याचा माल परत मिळाला तोही मान खाली घालून घरी जाई. इसरूने त्यानंतर गाणं रचणं सोडलं. बुधूने सोडलं नाही, पण मनसाराम ज्या मंडईत असेल तिथे त्याची दंडार कधी आली नाही.

मनसाराम कोसमबोडीचा. चौथीपर्यंत शिकलेला, उंच, हाडकुळा, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहणारा. तलावाखाली शेवटच्या टोकाला त्याच्या थोड्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, होत्या, जिथे पाणी सगळ्यांच्या नंतर पोचतं. तरुणपणी त्याने स्वतःची दंडार चालवली, ती त्याच्या तोंडापायी मोडली. त्याची स्वतःची गाणी बेताची होती. हे त्याला कळत असे, आणि त्याच्या स्वभावातला कडवटपणा बहुधा तिथूनच आलेला होता. त्याची बायको रंभा घरचं करून दुसऱ्यांच्या शेतात रोवण्याला, धानाची रोपं लावायला, जाई. ती कमी बोलते एवढंच गावाला तिच्याबद्दल माहीत होतं. मनसारामलाही त्याहून जास्त माहीत नव्हतं.

गावाचे मालगुजार गुणवंतराव. मालगुजारी १९५१ साली गेली. वाडा, तलावाखालच्या पहिल्या बांध्या आणि लोकांची सवय मात्र राहिली. तलावाचं पाणी सोडणारा पाणकर त्यांचाच माणूस होता, त्यामुळे कोणाच्या बांधीत पाणी आधी पोचेल आणि कोणाच्या उशिरा, हेही त्यांच्याच हातात राहिलं. ते ग्रामपंचायतीचे सरपंचही झाले. त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नाही.

गावाला शाळा हवी होती. जंगल खात्याने साग मंजूर केला. गावच्या पुरुषांनी झाडं तोडली, स्वतःच्या गाड्यांनी ओढून आणली आणि लाकूड वाळावं म्हणून गुणवंतरावांच्या आवारात रचून ठेवलं. शाळेच्या भिंती उभ्या राहिल्या. छत काही चढलं नाही. गुणवंतरावांनी पंचायतीत सांगितलं की लाकडाला वाळवी लागली. त्याच साली वाड्यात नवी दारं, नवे खांब, नवा झोपाळा झाला. मुलं भिंतींच्या आत ऊन आलं की झाडाखाली जाऊन बसत. सगळ्यांना सगळं दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

१९५४ च्या मंडईत ते बोललं गेलं. आरमोरीकडच्या एका दंडारीने, गुणवंतराव पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले असताना, हे गाणं गायलं:

देवघरात देव बसले, पाट त्याईले सागाचा
माजघरात झुला हाले, दांडा त्याले सागाचा
दरवाज्याले नवी फळी, वास अजून रानाचा
ओसरीवरी खांब चमके, हात फिरला तेलाचा
आंगणातून मोजून घे, वाडा सारा सागाचा
रस्त्यावरी शाळा उघडी, वर मांडव आभाळाचा

गाण्याला छाप नव्हती. लोकांनी तोंडात दुपट्टे कोंबले. गुणवंतराव शेवटपर्यंत बसून राहिले, रिवाजाप्रमाणे दंडारीला नारळ दिला आणि उठले. दंडारवाल्यांना नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले की गाणं बाजाराच्या रस्त्यावर कानावर पडलं, चांगलं वाटलं, घेतलं. रचणारा त्यांना माहीत नव्हता आणि ते बहुधा खरं होतं.

दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी सांगून टाकलं की ज्याने हे गाणं केलं त्याला या गावात कोणी काम द्यायचं नाही. जो देईल त्याने आपल्या बांधीच्या पाण्याचा विचार करावा.

संशय सुकलूवर गेला. सुकलू गावचा सुतार. वाड्यातलं नवं काम त्यानेच केलं होतं, म्हणजे कुठली फळी कुठे बसली हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तो गाणी रचत असे आणि स्वतःची दंडार काढत असे. संशयाचं दोन दिवसांत शिक्षेत रूपांतर झालं. मोडलेले नांगर आणि गाड्यांची चाकं दुसऱ्या गावच्या सुताराकडे जाऊ लागली. सुकलू रोज वाड्यावर जाऊन शपथ घेई आणि परत पाठवला जाई.

गुणवंतरावांना ही गोष्ट पक्की आणि चारचौघांत करायची होती. त्यांनी मनसारामला बोलावलं. निवड विचारपूर्वक होती. काही वर्षांपूर्वी चामोर्शीच्या मंडईत मनसारामने सुकलूचं एक गाणं चोरीचं ठरवलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, समोर आले तर एक जण रस्ता सोडून शेतात उतरे. मनसाराम हो म्हणेल याबद्दल कोणालाच शंका नव्हती, सुकलूलाही नव्हती.

वाड्याच्या ओसरीवर गाव जमलं. बायका आवाराच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. ज्या खांबांबद्दल गाणं होतं त्यांतल्याच एकाला टेकून मनसाराम बसला. एका पोऱ्याकडून गाणं म्हणवून घेतलं, मग पुन्हा म्हणवून घेतलं.

गुणवंतराव म्हणाले, "सुकलूचं होय ना?"

"नाई."

मनसारामने जमिनीकडे पाहतच पुढे सांगितलं, "सुकलूले असं गाणं कराले अजून चार जनम लागन."

सुकलू उठून उभा राहिला. त्याचा चेहरा काळा पडला होता. "तू मले वाचवू नको, मनसाराम."

"तुले कोन वाचवून राह्यलं? मी गाण्याचं बोलून राह्यलो."

मग त्याने पुरावा दिला. सुकलूच्या गाण्यात दोन कडवी गेली की खिळा येतोच, तो म्हणाला. प्रीतीचं गाणं असलं तरी येतो. बाई दारात उभी असली तर सुकलूला आधी दाराचा सांधा दिसतो, मग बाई. इथे सहा ओळी साऱ्या लाकडाच्या आहेत आणि एक सांधा नाही, एक खुंटी नाही, एक खिळा नाही. सुतार असता तर इतका वेळ गप्प बसला नसता. लोक हसले. सुकलूला त्याचं काम त्या क्षणी परत मिळालं आणि त्याच क्षणी त्याची पुढच्या मंडईतली अब्रू गेली. तो कोणाकडे न पाहता निघून गेला. मनसारामचे त्याने आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर मनसारामला त्याचं आश्चर्य वाटलं असतं.

मनसाराम इथे थांबू शकला असता. त्याला ज्याकरता बोलावलं होतं ते झालं होतं.

"मंग कोनाचं?" गुणवंतरावांनी विचारलं.

ओळखलेलं नाव पोटात ठेवणं मनसारामला कधी जमलेलं नव्हतं. तो उठला. पुरुषांचं गाणं कसं चालतं ते त्याने आधी दाखवलं. दंडार वेशीतून गावात शिरते, तसं दंडारीचं गाणंही बाहेरून आत शिरतं. आधी रस्ता, मग आंगण, मग ओसरी, मग मालकाची मिशी. हे गाणं उलटं आहे. ते देवघरातून निघतं, माजघरात येतं, दारात, ओसरीवर, आंगणात, शेवटी रस्त्यावर. पण बाहेर पडणाऱ्याची पाठ घराकडे असते. या गाण्याचं तोंड शेवटपर्यंत घराकडेच आहे. ते एकेक पाऊल मागे सरतं आणि जे सोडलं ते पाहत जातं.

असं म्हणून तो ओसरीवर कमरेत वाकला, डाव्या हातात नसलेली रोपांची जुडी धरली आणि उजव्या हाताने रोपं खोचत मागे मागे सरकत गेला. त्या मुलखात रोवणा बायकाच करतात. पुरुष पऱ्हा, म्हणजे वाफ्यातली कोवळी रोपं, उपटून देतात, चिखल करतात, पण वाकून रोपं लावत मागे सरण्याचं काम जन्मात करत नाहीत. एका दंडारीच्या माणसाला रोवणारणीचं सोंग करताना पाहून पोरं हसली. भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायकांतली एकही हसली नाही.

पुढचं गुणवंतरावांना स्वतःलाच कळलं. रोवणा संपल्याच्या दिवशी मालक टोळीच्या बायकांना घरी जेवू घालतो. त्या श्रावणात त्यांच्या माजघरात एकच टोळी जेवली होती. कुंताची. कुंता विधवा होती, अंगाने मजबूत, जिभेने त्याहून. रोवण्याच्या मजुरीच्या धानावर तिचं आणि तिच्या सासूचं बरंचसं वर्ष निघत असे. चिखलात उतरल्यावर पहिली ओळ नेहमी तिची असायची. बाकीच्या तिच्यामागून गात, असं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ऐकणाऱ्या कोणालाही वाटे.

"टोळीत बाया लय आहेत," गुणवंतराव म्हणाले.

"गाणं एकीचंच असते. गाण्याले धनी एकच." आणि मनसारामने कुंताचं नाव घेतलं. एवढ्यावर न थांबता त्याने गाण्याची स्तुतीही केली, जी त्याने आजवर कोणाच्या गाण्याची केली नव्हती. ही बाई एका ओळीत कोण कशावर बसलं ते पाहते, दुसऱ्या ओळीत काय हलतं ते पाहते, चौथीत चमक पाहते. तिसऱ्या ओळीला तर नाक आहे, तो म्हणाला. फळीला रानाचा वास आहे हे सांगायला शाहीर जंगलात मुरलेला पाहिजे. इतक्या तऱ्हांनी पाहणारा एक माणूस त्याने अजून ऐकला नव्हता.

त्याने स्वतःच्या पुराव्याकडे नीट पाहिलं असतं तर त्याला तिथेच अडखळायला हवं होतं. एरवी तो माणसाला एका खोडीवरून पकडे. इथे सहा ओळींत सहा सवयी होत्या आणि त्याला ते एकीचं कसब वाटलं. छापेच्या जगात वाढलेल्या माणसाला गाण्याला मालक नसतो ही गोष्ट सुचूच शकत नव्हती.

कुंता त्या वेळी दुसऱ्याच्या खळ्यावर धान झोडत होती. संध्याकाळपर्यंत तिला तिथून जायला सांगितलं गेलं.

घरी मनसारामने रंभाला सगळं पुन्हा सांगितलं. तिने भात वाढला आणि विचारलं, "कुंतानंच केलं, हे तुमाले कसं समजलं?"

"माझा कान आहे."

रंभाने भाताचं भांडं झाकून ठेवलं.

बायकांत त्या आठवड्यात काय झालं ते पुरुषांना पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. टोळीतल्या काही जणी सरळ वाड्यावर जाऊन सांगायला निघाल्या होत्या. कुंतानेच त्यांना अडवलं. आता कापणी आहे, ती म्हणाली, कापणी पुरुषही करतात, बाहेरगावचे मजूरही येतात. आता सांगितलं तर एकीच्या जागी सगळ्या बाहेर जाऊ. रोवण्याच्या वेळी तसं नसतं. तेव्हा मुलखातली प्रत्येक बाई कुठल्या ना कुठल्या चिखलात असते आणि मालकाला उसनी बाई मिळत नाही. "पऱ्हा वाढू द्या," कुंता म्हणाली. "मंग सांगू."

तोवर तिला दिवस काढायचे होते. ती आरमोरीच्या बाजूला भावाच्या गावी जाऊन कापणी करून आली. उन्हाळ्यात मोहफुलं आणि डिंक वेचला, तेंदूच्या पानांचे पुडे बांधले. घरातल्या दोन शेळ्या विकाव्या लागल्या. सासू तिला रोज शिव्या देई, गाण्यावरून नव्हे, शेळ्यांवरून. गावात तिला कोणी वाईट बोललं नाही आणि कामही दिलं नाही.

सगळा राग मनसारामवर निघाला. तो विहिरीवर आला की बायका अर्धी भरलेली घागर उचलून जात. त्याचा बैल कोणाच्या बांधीत शिरला तर हाकलून न देता सरळ कोंडवाड्यात नेऊन घालत. सुकलूने त्याच्यावर एक गाणं केलं, बायकांच्या ओसरीत कान लावणाऱ्या पंचाचं. ते चार गावांत गाजलं. मनसारामने ते ऐकलं आणि त्यात खिळा आहे एवढंच सांगितलं. लोक का चिडले हे त्याला समजत नव्हतं. त्याला विचारलं गेलं, त्याने खरं ते सांगितलं, एका माणसाचं काम वाचवलं. दुसरीचं गेलं तर ते गुणवंतरावांनी घेतलं, आपण नव्हे. तो हे ज्याला त्याला सांगे, आणि ऐकणारा मध्येच उठून जाई.

१९५५ चा आषाढ चांगला लागला. तलाव भरला, गुणवंतरावांच्या बांध्यांत चिखल तयार झाला, पऱ्हा हातभर झाला. पऱ्ह्याला वय असतं. वेळेवर लावला नाही तर तो जून होतो, मग लावला तरी फुटवे धरत नाही. गुणवंतरावांनी टोळीला निरोप पाठवला की या, कुंताला सोडून.

टोळी आली. कुंताही आली. सगळ्या धुऱ्यावर एका रांगेत उभ्या राहिल्या आणि एकीनेही चिखलात पाय घातला नाही. गुणवंतराव छत्री उघडून एका दगडावर बसले होते. त्यांनी कारण विचारलं. टोळीतली सर्वांत म्हातारी सोनीबाई पुढे झाली.

"मालक, त्या गाण्यातली कुंताची ओळ कोनती, तेवढं सांगा. तेवढ्यासाठी तिले बाहेर ठेवा."

"ओळ काय? गाणंच तिचं आहे. मनसारामनं सांगितलं."

"मंग बलवा त्याले."

त्याला लांबून बोलवावं लागलं नाही. तो खाली आपल्या बांधीत पाण्याची वाट पाहत बसला होता. चिखलाचे पाय घेऊन आला. सोनीबाईने त्याला काही समजावलं नाही. बायकांनी गाणं म्हटलं, पण या वेळी सगळ्यांनी मिळून नाही. पहिली ओळ कुंताने टाकली. दुसरी तिच्या शेजारणीने उचलली. तिसरी तिसरीने. रोवण्यात गाणं असंच होतं. एक ओळ टाकते, शेजारची ती झेलून आपली जोडते, आणि ज्या क्रमाने बायका चिखलात उभ्या असतात त्याच क्रमाने ते पुढे सरकतं. ज्यांना ओळ सुचत नाही त्या मागून धरतात. धुऱ्यावर उभ्या असलेल्या पुरुषाला एकच गाणं ऐकू येतं.

सहावी ओळ सोनीबाईने म्हटली.

गुणवंतराव म्हणाले की हे शिकवून आणलेलं सोंग आहे. ओळी वाटून घ्यायला काय लागतं. त्यावर मनसारामने पहिल्यांदाच मान वर केली. मंडईत असा वाद आला की तो करत असे तेच त्याने केलं.

"नवी टाका," तो म्हणाला. "आत्ता. समोर जे आहे त्याच्यावर."

कुंताने गुणवंतरावांकडे पाहिलं.

धुऱ्यावरती मालक बसले, बुडाखाली गोटा

शेजारणीने वेळ घालवला नाही.

छत्रीची त काडी हाले, वारा नाई मोठा

तिसरी रंभा होती. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, उपटून ठेवलेल्या पऱ्ह्याच्या ढिगाकडे पाहत होती.

पऱ्ह्याले आंबूस वास सुटला, कोनाचा गा तोटा

मागच्या बायका हसल्या. मनसाराम हसला नाही. पुढच्या तिघींना त्याने हाताने थांबवलं. त्याला आणखी ऐकायची गरज नव्हती. कुंताच्या ओळीत जो तो कशावर तरी बसलेला होता, देव असो की मालक. दुसरीला हलणारी वस्तू दिसत होती. आणि तिसरीला वास.

तो बायकोला म्हणाला, "तिसरी ओळ तुयी होती?"

"तुमी इचारलं होतं काय?"

चिमूर ते चामोर्शी कोणाही शाहिराला दोन ओळींत ओळखणारा हा माणूस ज्या बाईच्या हातचं रोज जेवत होता तिची ओळ त्याने गावासमोर दुसरीच्या नावावर घातली होती. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला हे आधीपासून माहीत होतं. रंभाला ते त्याला सहज सांगता आलं असतं तेव्हा तिने सांगितलं नव्हतं, आणि आताही सारवासारव केली नाही.

"बोल काहीतरी," गुणवंतराव म्हणाले.

"सहा जणींचं आहे."

"मंग कुंताचं काऊन म्हनलं?"

"मी एक धनी शोधत होतो." मग तो म्हणाला, "चुकलो मी."

हे त्याने आयुष्यात आधी कधी म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. कोणावर त्याचा परिणामही झाला नाही. एका बाईने पदराने नाक पुसलं, दुसरीने डोक्यावरचं इरलं, पावसासाठी घेतलेली बांबूची टोपली, सरळ केलं. कुंता म्हणाली, "शेळ्या दोन गेल्या माझ्या." ते मनसारामला होतं की गुणवंतरावांना, हे तिने सांगितलं नाही.

आता हिशेब गुणवंतरावांचा होता. गाणं एकीचं असतं तर एक बाई बाहेर ठेवता येत होती. सहा जणींचं ठरल्यावर सहा बाहेर ठेवायच्या, आणि त्या सहांशिवाय बाकीच्या चिखलात उतरणार नव्हत्या हे रांगेकडे पाहून कळत होतं. दुसऱ्या गावच्या टोळ्या आपापल्या मालकांकडे गुंतलेल्या होत्या. पऱ्हा खरोखर जून होत चालला होता. त्यांनी परवानगी दिली नाही आणि नाकारलीही नाही. छत्री मिटली, पाणकराला हाक मारून उगाच काहीतरी बोलले आणि वाड्याकडे निघाले. वाड्याची दारं त्यांनी काढली नाहीत, ती अजून तशीच आहेत. शाळेवर पुढे दोन-तीन वर्षांनी सरकारी पत्रा आला.

कुंता सर्वांत आधी चिखलात उतरली. मग बाकीच्या. रांग धरली, वाकल्या, आणि रोपं खोचत मागे सरू लागल्या.

मनसाराम धुऱ्यावरच राहिला. त्याला वाटलं होतं की आता गाणं सुरू होईल. ओळ कशी टाकतात, शेजारची ती हवेत असतानाच कशी धरते, कोणाचा कुठे श्वास संपतो, हे त्याला जवळून ऐकायचं होतं. इतकी वर्षं तो हे बांधापलीकडून ऐकत आला होता आणि एका बाईचं समजत आला होता. त्याने पाय धुतले नाहीत. तो उकिडवा बसला, मंडईत बसायचा तसा, आणि जमिनीकडे पाहू लागला.

गाणं सुरू झालं नाही. चिखलात बोटं जाण्याचा आवाज येत होता, एवढाच. एक बांधी संपली, बायका दुसऱ्या बांधीत गेल्या. जुड्या टाकणाऱ्या पुरुषांनाही ते विचित्र वाटू लागलं, कारण मुका रोवणा कोणी पाहिलेला नव्हता.

शेवटी सोनीबाईने कंबर सरळ केली. "मनसारामभाऊ, घरी जा. तू इथी हायेस तोवर कोनी गाणार नाई."

त्याने रंभाकडे पाहिलं. ती वाकलेलीच होती आणि तिचा हात थांबला नव्हता.

तो उठला. तलावाच्या पाळीवरून घराकडे निघाला. पाळ उतरून पलीकडे गेल्यावर मागून आवाज आले, एक, मग दुसरा, मग पुष्कळ. तो उभा राहिला. तेवढ्या अंतरावरून शब्द कळत नव्हते आणि कोणाचा आवाज कोणता हेही कळत नव्हतं.